उंची 154 सेंमी आहे, आयपीएसचा विचार करू का?

ज्वारीची_लेक

नमस्कार. मी मंगळवेढ्याकडची, सध्या कोल्हापूरला बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वय 21 पूर्ण. वडिलांच्या नावावर सहा एकर जिरायत, धाकटा भाऊ बारावीला.

पोलीस अधिकारी व्हायचं शाळेपासून डोक्यात आहे. मागच्या सुट्टीत गावाजवळच्या एका भरती अकॅडमीत चौकशीला गेले. तिथल्या सरांनी भिंतीला उभं करून टेप लावला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "154. वर्दीचं विसर, तलाठ्याची तयारी कर." तेव्हापासून आईसुद्धा तेच म्हणते.

मला इन्स्पेक्टर नाही, एसपी व्हायचंय. उंचीमुळे खरंच रस्ता बंद आहे का? एमपीएससी करू की यूपीएससी? दहावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजी वाचता येतं पण लिहिताना अडते. आम्ही मराठा, चुलत्यांकडे जुनी कुणबी नोंद सापडली आहे, आमचा दाखला अजून काढलेला नाही. त्याने काही फरक पडतो का?

कृष्णाकाठ

ताई, एकदम एसपी डोक्यात ठेवू नकोस. आधी पीएसआय हो, खाकी अंगावर चढू दे, मग प्रमोशनने एसपीपर्यंत वर जाशीलच. माझी भाची तेच करतेय.

माणगंगा

कृष्णाकाठ दादांचा सल्ला मनापासूनचा आहे, पण हिला तो लागू पडत नाही. पीएसआयला मुलींची उंची 157 लागते. शिवाय पीएसआयचं एपीआय, पीआय करत डीवायएसपीपर्यंत, म्हणजे पोलीस उपअधीक्षकापर्यंत, पोचायला निम्मी नोकरी सरते. एसपीच व्हायचं असेल तर सुरुवात तिथून करू नये.

मी एमपीएससीतून थेट पोलीस उपअधीक्षक झाले. सध्या मराठवाड्यात एका उपविभागाची एसडीपीओ, म्हणजे उपविभागीय पोलीस अधिकारी, आहे. नाव-गाव देत नाही, पण लिहिते ते रोजच्या कामातलं.

उंचीचं आधी. टेप लावणाऱ्यांनी तुला अर्धंच सांगितलं. शिपाई भरतीत मुलींना 155 लागते. पीएसआयला 157, आणि एमपीएससीतून डीवायएसपी व्हायचं तरी 157. इथे तू अडतेस हे खरं. पण यूपीएससीतून आयपीएस होण्यासाठी महिलांची किमान उंची 150 आहे. मुलांना 165, अनुसूचित जमातीच्या मुलींना 145. म्हणजे ज्या उंचीवर शिपाई होता येत नाही, त्याच उंचीवर जिल्ह्याची एसपी होता येतं. आईला हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहून दाखव. यूपीएससीच्या नोटिफिकेशनसोबत परीक्षेचे नियम निघतात, त्यात शारीरिक मापदंडांचं वेगळं परिशिष्ट असतं. तेवढी पानं प्रिंट काढून घरी ठेव, पुढच्या वेळी कोणी टेप काढला तर कामाला येतील.

उंचीपेक्षा डोळे आत्ताच तपासून घे. चष्मा चालतो, त्याला मर्यादा आहेत, पण आयपीएसला रंग नीट ओळखता यावे लागतात. ठिपक्यांमधला आकडा वाचायची साधी चाचणी असते, कुठलाही नेत्रतज्ज्ञ दहा मिनिटांत करतो. यूपीएससीची मेडिकल मुलाखतीनंतर होते. सगळे टप्पे पार केल्यावर तिथे काही कळण्यापेक्षा तयारीला बसण्याआधी कळलेलं बरं. आयपीएसच्या निवडीत पीएसआयसारखी मैदानी चाचणी नसते. मैदान नंतर ट्रेनिंगमध्ये येतं, आणि तिथे चांगलाच घाम निघतो.

आता यूपीएससी की एमपीएससी. तुझ्या बाबतीत पोलीस खात्यासाठी फक्त यूपीएससी. तरीही एमपीएससीचा फॉर्म भरायचाच. 2025 च्या परीक्षेपासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा यूपीएससीच्याच धर्तीवर लेखी झाली आहे: नऊ पेपर, 1750 गुण, मुलाखत 275. एकाच अभ्यासात दोन्ही परीक्षा बसतात, वर महाराष्ट्राचा भाग वेगळा करावा लागतो. त्यातून तू उपजिल्हाधिकारी किंवा तहसीलदार होऊ शकतेस, तिथे उंची आडवी येत नाही. आणि ती पदं पोलिसांपासून फार लांबची नाहीत. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत एखादी सून विहिरीत सापडली, की मृत्यूच्या चौकशीच्या इन्क्वेस्ट पंचनाम्याला महसूलचा दंडाधिकारीच यावा लागतो. अशा वेळी नायब तहसीलदार बाई असतील तर माहेरची माणसं मोकळी बोलतात, हे मी पाहिलंय.

परीक्षेची चौकट थोडक्यात. प्रीलिमला, म्हणजे पूर्वपरीक्षेला, दोन पेपर, दोन्ही 200 गुणांचे. पहिल्यावर कटऑफ लागतो, दुसरा म्हणजे सीसॅट, त्यात 33 टक्के मिळाले की झालं. हे 33 टक्के सोपे समजू नकोस, चांगली अभ्यासू मुलं गणितात अडकून तिथेच बाहेर पडलेली आहेत. मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, निबंध, जीएसचे (सामान्य अध्ययनाचे) चार आणि ऑप्शनलचे (आपण निवडलेल्या विषयाचे) दोन, असे सात पेपर प्रत्येकी 250 गुणांचे. शिवाय मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी 300, त्यात 25 टक्के मिळाले की पुरे. पण ते नाही मिळाले तर बाकीच्या वह्यांचे गुण धरतच नाहीत. तू लिहिलंस की इंग्रजी लिहिताना अडते, म्हणून हे ठळक सांगते. रोज एक उतारा घेऊन त्याचा तिसऱ्या हिश्शात सारांश लिही, बाकी काही नको.

मराठीतून मेन्स लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. मात्र प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच छापलेली असते. प्रश्न इंग्रजीत वाचून उत्तर मराठीत उतरवायचं, याची सवय पहिल्या महिन्यापासून लावावी लागते.

जागांचंही खरं सांगते. आयपीएसच्या दरवर्षी साधारण दीडशे ते दोनशे जागा, त्याही अख्ख्या देशात मिळून. केडर, म्हणजे नेमणुकीचं राज्य, महाराष्ट्रच मिळेल याची खात्री नाही. तमिळनाडू मिळालं तर तमिळ शिकून तिथल्या माणसाची फिर्याद त्याच्या भाषेत ऐकायची तयारी हवी. निवड झाली की फाउंडेशन कोर्स, मग हैदराबादची सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमी. पहिली स्वतंत्र नेमणूक एखाद्या उपविभागात सहायक पोलीस अधीक्षक म्हणून, म्हणजे मी आज बसते त्याच खुर्चीत. फरक पुढे पडतो. ते काही वर्षांत एसपी होतात. आम्हा राज्य सेवेतल्यांना आयपीएसमध्ये जायला पदोन्नतीचा एक तृतीयांश कोटा आहे. नियमाने किमान आठ वर्षं सेवा लागते, प्रत्यक्षात बरीच जास्त वर्षं जातात.

आणि या खुर्चीत काय असतं तेही ऐक, कारण वर्दीचे फोटो बघून येणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल झाला की नियमाप्रमाणे तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे येतो आणि 60 दिवसांत दोषारोपपत्र जायला हवं. पाणी भरण्यावरून मारहाण झालेली एक बाई माझ्यासमोर जबाबाला बसली होती. ग्रामपंचायतीत बसलो तर खिडकीत माणसं उभी. ती एकच वाक्य बोलायची, "काय नाही झालं." मग झेडपी शाळेची एक वर्गखोली उघडून घेतली, महिला अंमलदार सोडून सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि तिच्याशी आधी तिच्या लेकीच्या शाळेबद्दल बोलले. संध्याकाळपर्यंत जबाब झाला. कोण कुठे उभं होतं, कोणता शब्द उच्चारला, घागर कोणी लाथाडली, सगळं तिच्याच शब्दांत. नंतर घटनास्थळ पंचनामा, त्याचं मोबाइलवर चित्रीकरण, जातीचे दाखले, वैद्यकीय अहवाल, केस डायरी. त्या फाइलची पानं मी स्वतः क्रमांक टाकून लावली. कोर्टात एक तारीख मागेपुढे निघाली तर त्या बाईचं वर्गखोलीतलं धाडस वाया जातं.

म्हणून मी तयारी करणाऱ्या पोरींना सांगते, व्यायाम कराच, पण लिहायला शिका. 250 शब्दांत मुद्द्याचं उत्तर लिहिण्याची जी सवय मेन्सला लागते, तीच मला रोज रात्री टिपणी लिहिताना उपयोगी पडते. बंदोबस्त, रात्रगस्त, शांतता समितीची बैठक हे सगळं आहेच. पण अधिकाऱ्याचा निम्मा दिवस कागदावर जातो आणि त्या कागदावर कोणाची तरी अटक किंवा सुटका ठरते. हे काम आवडणार असेल तर ये, आणि मनापासून ये.

सेतू_कट्टा

माणगंगा मॅडमनी परीक्षेचं सांगितलं, मी दाखल्यांचं सांगतो. सेतू केंद्रात रोज हेच बघतो.

मराठा म्हणून मिळणारं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण राज्याचं आहे. ते एमपीएससीला चालतं, यूपीएससीला नाही. यूपीएससीत एसईबीसी दाखला असला तरी तू खुल्या गटात: 32 वर्षं आणि सहा अटेम्प्ट. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल गटाचं, म्हणशील तर केंद्राच्या नियमात कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेती असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही. जिरायत-बागायत फरक त्यात नाही. सहा एकरांवर तू बाहेर. तसंही ईडब्ल्यूएसला वयाची सवलत नसते.

कुणबी मात्र केंद्राच्या ओबीसी यादीत आहे. दाखला निघाला तर 35 वर्षं आणि नऊ अटेम्प्ट. म्हणून चुलत्यांची नोंद आणि तुझी वंशावळ जुळवायला आत्ताच लागा. खापरपणजोबांपर्यंतची नावं जन्म-मृत्यू नोंदी, शाळेचे निर्गम उतारे, जुने सातबारे यांवरून जुळली पाहिजेत. आडनावातला एक काना वेगळा असेल तरी अर्ज परत येतो.

जातीचा दाखला निघाल्यावर नॉन क्रीमीलेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढ. राज्याचा नमुना वेगळा असतो, तो यूपीएससीला चालत नाही. काउंटरवर "केंद्र शासनाचा" असं स्पष्ट सांगावं लागतं. वर्षाच्या उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा मोजताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, त्यामुळे तिथे अडचण दिसत नाही. फक्त दाखल्याची तारीख फॉर्मच्या मुदतीत बसते का ते बघ. यूपीएससी तारखेच्या बाबतीत ऐकून घेत नाही.

ज्वारीची_लेक

तुम्हा सगळ्यांचे आभार. 150 चा आकडा आईला दाखवला. ती काही बोलली नाही, पण रात्री वडिलांना तिनेच सांगितलं. दाखल्यासाठी वडील उद्या चुलत्यांकडे जाणार आहेत.

माणगंगा ताई, अजून दोन गोष्टी विचारते. पदवी झाल्यावर पुण्याला जाऊ का? वर्षाचा खर्च झेपणार नाही, भावाची ॲडमिशन पण आहे. आणि ऑप्शनल ॲग्री घेऊ की मराठी साहित्य?

माणगंगा

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

पुण्याला जायची घाई नको. सदाशिव पेठ, नवी पेठेत कॉट बेसिसची खोली, मेस, अभ्यासिका आणि क्लासची फी यात शेतकऱ्याच्या घराचं कंबरडं मोडतं. क्लासमध्ये शिकवतात त्यातलं बरंच आता मोबाइलवर मिळतं. घर सोडायचंच असेल तर सरकारी सोयी आधी बघ. मुंबईची राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था आणि कोल्हापूर, नागपूर, नाशिक वगैरे ठिकाणची भारतीय प्रशासकीय सेवा पूर्व प्रशिक्षण केंद्रं प्रवेश परीक्षा घेऊन मुलं घेतात. तू कोल्हापुरातच आहेस, एकदा केंद्रावर जाऊन चौकशी करून ये. मराठा आणि कुणबी मुलांसाठी सारथी या सरकारी संस्थेच्या यूपीएससी योजना आहेत, त्यात विद्यावेतनही असतं. ओबीसींसाठी तशीच महाज्योती संस्था आहे. दाखला कोणता निघतो त्यावर अर्ज कुठे करायचा ते ठरेल. यूपीएससीच्या फॉर्मला मुलींना फी नाही, तो खर्च डोक्यातून काढ.

शेवटच्या वर्षाला असताना प्रीलिमचा फॉर्म भरता येतो. पण माझं मत, तयारी नसताना केवळ अनुभव म्हणून पेपर देऊ नये. प्रीलिमच्या एका पेपरला बसलीस तरी अटेम्प्ट मोजला जातो आणि तुझ्याकडे सध्या सहाच आहेत. फॉर्म भरून परीक्षेला गेलीच नाहीस तर तो मोजत नाहीत. पुढचं अख्खं वर्ष हातात ठेवून पहिला अटेम्प्ट पूर्ण ताकदीने दे.

ऑप्शनलचं कोणाच्या सांगण्यावरून ठरवू नकोस. दोन्ही विषयांच्या मागच्या पाच-सहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका यूपीएससीच्या वेबसाइटवर आहेत. ॲग्रीचा एक पेपर घे, घड्याळ लाव आणि तीन तास लिहून बघ. चार वर्षं जे शिकलीस त्यातलं किती हाताला येतं ते कळेल. दुसऱ्या रविवारी मराठी साहित्याचा पेपर घे. साहित्याची नेमलेली पुस्तकं आधी वाचलेली नसतील तर तिथे सुरुवात शून्यापासून आहे, पण भाषा तुझी आहे. ॲग्रीत उलटं आहे, विषय तुझा आहे पण तो तू इंग्रजीत शिकलीस, मराठीत लिहायचा तर शब्द जमवावे लागतील. माझा कल ॲग्रीकडे आहे, कारण शेती जीएसच्या तिसऱ्या पेपरलाही आहे आणि तुझ्या घरातली जिरायत मुलाखतीतही विचारली जाईल.

माझ्या नाशिकच्या ट्रेनिंगमधला एक सहकारी ॲग्री घेऊन यूपीएससीच्या मुलाखतीपर्यंत गेला होता. त्याच्या नोट्स अजून आहेत का ते या आठवड्यात विचारते. तू दोन्ही पेपर लिहून झालीस की काय वाटलं ते इथेच टाक, उत्तरांचे फोटोही टाक. मी रात्री उशिरा बघते, पण बघते.