कुंपण निघाल्यावर झेब्र्यांना जुनी वाट कशी सापडली?

रानवाट:
बोत्स्वानामध्ये ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश आणि मकगडिकगडीची खारी मैदाने यांच्यामध्ये १९६८ मध्ये घातलेले कुंपण २००४ मध्ये काढले आणि त्यानंतर काही वर्षांतच झेब्रे या दोन प्रदेशांमध्ये पुन्हा ये-जा करू लागले, हे वाचल्यापासून एक प्रश्न मनातून जात नाही. मैदानी झेब्रा रानात साधारण वीस वर्षे जगतो. म्हणजे कुंपणापूर्वीची वाट चाललेला एकही झेब्रा तेव्हा हयात नसणार. मग ही वाट दाखवली कोणी?

गवताळ:
ती वाट कोणी दाखवावी लागली असेल, असे मला वाटत नाही. कोरड्या ऋतूत झेब्र्यांना जवळजवळ रोज पाणी लागते, म्हणून ते ओकावांगोच्या आश्रयाने राहतात. पाऊस सुरू झाला की मकगडिकगडीच्या भोवती कोवळे, अधिक सकस गवत उगवते आणि खळग्यांत पाणी साचते. उपग्रहाशी जोडलेले पट्टे गळ्यात बांधून केलेल्या अभ्यासात असे दिसले, की पावसाने मध्येच ओढ दिली तर निघालेले झेब्रे चक्क माघारी फिरतात. मात्र २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, केवळ समोर दिसणाऱ्या हिरवळीपेक्षा पूर्वीच्या अनुभवाची आठवण धरली तर त्यांच्या प्रवासाची दिशा अधिक अचूक सांगता येते. यावरून माझा तर्क असा, की काही धाडसी कळपांनी पावसामागे जात ती वाट नव्याने शोधली आणि पुढच्या हंगामापासून ती त्यांच्या लक्षात राहिली.

खूर:
या तर्कात एक भर घालतो. झेब्र्यांचे कुटुंब म्हणजे एक नर, काही माद्या आणि त्यांची शिंगरे. चालताना पुढे बहुधा एखादी जाणती मादी असते, तिच्या पाठीला लागून तिचे तपकिरी पट्ट्यांचे शिंगरू, त्यामागे बाकीच्या माद्या, आणि नर मागे किंवा बाजूला राखण करत चालतो. नर बदलला तरी माद्या वर्षानुवर्षे एकमेकींची साथ सोडत नाहीत. त्यामुळे एका मादीला माहीत झालेली वाट तिच्याबरोबर चालणाऱ्या शिंगरांनाही आपोआप ठाऊक होते.

आणखी एका गोष्टीचे मला फार वाईट वाटते. बोत्स्वानातील अशी कुंपणे मुख्यतः लाळ्या-खुरकूत रोगापासून गुरांना वाचवण्यासाठी, प्रामुख्याने रानम्हशींना दूर ठेवण्यासाठी घातली गेली. हा रोग दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांना होतो. झेब्र्याचा खूर घोड्यासारखा अखंड असतो. ज्या रोगाशी झेब्र्यांचा संबंध नव्हता, त्याच्यासाठी त्यांची वाट छत्तीस वर्षे अडून राहिली.

रानवाट:
दोघांचेही मनापासून आभार. खुराचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. अशी लांबची स्थलांतरे आणखी कोठे टिकून आहेत का?

गवताळ:
आहेत. नामिबियातील चोबे नदीच्या पूरमैदानांपासून बोत्स्वानातील ‘न्झाई पान’ राष्ट्रीय उद्यानापर्यंत झेब्रे जातात आणि परततात, हे २०१४ मध्ये जगासमोर आले. जाऊन-येऊन हे अंतर सुमारे ५०० किलोमीटर भरते. ही वाट अंगोला, बोत्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे या पाच देशांनी मिळून राखलेल्या काझा संरक्षित क्षेत्रात येते. झेब्रे दोन देशांची सीमा ओलांडत असल्यामुळे एकाच देशाने कुंपणे हटवून भागत नाही.