काळ्या टॉवेलवर पांढरं नाव
ताई, एम्ब्रॉयडरी मशीनवर काळ्या टॉवेलवर पांढरं नाव भरलं की मधून काळं डोकावतं म्हणालात, आणि वर कुणीतरी डेन्सिटी, म्हणजे टाक्यांची दाटी, वाढवा असं सुचवलंय. मी तेच करून बसले होते! ओळींमधलं अंतर 0.4 वरून 0.3 मिमीवर आणलं, तर नाव पुठ्ठ्यासारखं कडक झालं, वर दोनदा सुई मोडली. त्यापेक्षा आधी अंडरले, म्हणजे मुख्य टाक्यांखालचा थर, बघा. वरच्या टाक्यांना आडवा जाणारा, विरळ, पांढऱ्याच दोऱ्याचा थर खाली घातला की अर्धं काम तिथंच होतं. टॉवेलचे लूप मात्र तेवढ्यानं दबत नाहीत. त्यावर पाण्यात विरघळणारी फिल्म अंथरूनच भरा. आणि डिझाइन मशीनवरच ताणून मोठं केलंत का? बऱ्याच मशीन टाके तेवढेच ठेवतात, मग फटी पडणारच.