पोह्यांवरची शेव आणि स्निग्धांशाचा हिशेब

प्रश्न (इंदूर): वजन कमी करण्यासाठी मी रोज 1500 कॅलरी आणि 45 ग्रॅम स्निग्धांश अशी मर्यादा पाळत आहे, परंतु पोह्यांवरची शेव आणि सासूबाईंच्या फोडणीचे तेल नेमके कसे मोजावे?

उत्तर 1: ताई, फोडणीसाठी पळीऐवजी चहाचा चमचा वापरा. 5 मिलिलिटर तेलात सुमारे 4.5 ग्रॅम स्निग्धांश, म्हणजे साधारण 40 कॅलरी असतात. चौघांची भाजी असेल, तर चौथा हिस्सा आपला धरावा.

उत्तर 2: शेव एकदा काट्यावर तोलून पाहाच, माझा अंदाज फारच चुकला होता.

उत्तर 3: चौघांत महिन्याला 3 लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे 23 ग्रॅम होतात, तूप, दूध, शेंगदाणे त्याहून वेगळे. सराफ्यातली (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातली) कचोरी मात्र यात कुठेच येत नाही, ती स्वतंत्र लिहावी.