मदत हवी आहे: कॉमिकच्या काळ्या रेषांना रंगीत कड येतेय

२४ पानी कॉमिक, ए५, मधे पिना, ऑफसेटवर १००० प्रती. पानं ६०० डीपीआय, ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेलं चित्र) ३ मिमी, रेषा वेगळ्या लेयरवर. पण काम आरजीबीत (पडद्यावरचे रंग) झालं आणि सीएमवायके (छपाईच्या चार शाई: निळसर सी, गुलाबी एम, पिवळी वाय, काळी के) करताना काळा रंग चारही शाईंत विभागला गेला. टेस्ट प्रिंटमध्ये एखाद्या शाईची प्लेट (छपाईचा पत्रा) केसभर सरकली, की रेषेच्या एका बाजूला गुलाबी, दुसऱ्या बाजूला निळसर झाक. फुग्यांतल्या अक्षरांचे तर हाल! शिरोरेषा दुहेरी दिसते, अनुस्वार पुसट.

अक्षरं आता फोटोशॉपमधून काढून इनडिझाइनमध्ये व्हेक्टर ठेवतोय, फक्त के १०० (निव्वळ काळी शाई, १०० टक्के), ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापणं) चालू. तेवढं जमलं. अडलंय ते रेषांपाशी. रेषांचा लेयर ग्रेस्केल करून थेट के चॅनेलमध्ये पेस्ट केला तर खालचे रंग रेषेखाली सलग राहायला हवेत, नाहीतर पांढऱ्या फटी दिसतील. हे २४ पानांसाठी अ‍ॅक्शन (फोटोशॉपमध्ये नोंदवून पुन्हा आपोआप चालवायच्या पायऱ्या) लावून कुणी केलंय का?

दुसरं: रात्रीच्या प्रसंगांतले मोठे काळे भाग नुसत्या के १०० ने मॅपलिथोवर (लेप नसलेला साधा कागद) राखाडी पडतात. त्यात सी ४० (४० टक्के निळसर शाई) मिसळावा का? ८० जीएसएमच्या (ग्रॅम प्रति चौरस मीटर) कागदाला मागच्या पानावर शाई दिसेल, ही धास्ती आहे.