मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्डचा फॅन घरघर करतोय

मंडळी, गेल्या आठवड्यापासून ग्राफिक्स कार्डच्या फॅनने डोकं उठवलंय. कार्ड ५ वर्षं जुनं, दोन फॅनवालं. पीसी चालू केला की पहिली दोन-तीन मिनिटं घर्र घर्र आवाज, मग जरा शांत, पण गेम लावला आणि फॅन ६० टक्क्यांच्या वर गेला की परत सुरू, आता तर शेजारच्या खोलीत पण ऐकू येतं.

काल पीसीची केस उघडून बघितलं. कान साफ करायच्या काडीचं कापसाचं टोक फॅनच्या मध्यभागी हलकेच टेकवलं, एकाचा आवाज तसाच आणि दुसऱ्याचा लगेच गप्प, म्हणजे दोषी कोण ते कळलं. धूळ ब्रशने काढली, काही फरक नाही. बंद असताना बोटाने हलवलं तर पातं चक्क वरखाली डगमगतं, वायर पण कुठे घासत नाहीये, म्हणून मला बेअरिंगच गेल्यासारखं वाटतंय. आफ्टरबर्नरमधे (फॅनचा वेग ठरवायचं सॉफ्टवेअर) फॅन ५० टक्क्यांवर अडकवला तर शांतता, पण टेम्परेचर ७४ वरून ८३ डिग्रीवर गेलं, ते काही मनाला पटेना.

आता त्या फॅनचा मागचा स्टिकर सोलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकू का? कोणी केलंय का, किती दिवस टिकलं? की सरळ फॅनच बदलू? आणि बदलताना हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) न उचलता फॅन निघतो का, कारण त्याच्या आणि चिपच्या मधल्या थर्मल पेस्टला हात लावायची भीती वाटते, आधी कधी केलेलं नाही.