एम.पी.एड. शोधप्रबंध: पूर्वचाचणीतच दोन गट जुळत नाहीत, आता काय?

चुन्याची_रेघ
मंडळी, एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी), तिसरं सत्र. विषय: आठवीच्या मुलांच्या शारीरिक सुदृढतेवर सूर्यनमस्काराच्या ८ आठवड्यांच्या सरावाचा परिणाम. आठवी अ प्रायोगिक गट, आठवी ब नियंत्रित गट, दोन्हींत ४०-४० मुलं. चाचण्या तीन: सिट अँड रीच (पेटीला तळवे टेकवून बसून हात किती पुढे जातात ते मोजणारी लवचीकतेची चाचणी), ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव-चाल. पूर्वचाचणीत सिट अँड रीचची सरासरी अ वर्गाची १४ सेंमी आली आणि ब वर्गाची १८. गाईड म्हणतात, उत्तरचाचणीवर टी-टेस्ट (दोन सरासरींतला फरक तपासणारी संख्याशास्त्रीय कसोटी) लावून मोकळे व्हा. पण सुरुवातीलाच ४ सेंमीचा फरक असेल तर शेवटी तुलना कशाशी करायची? ब मधली चार-पाच फार लवचीक मुलं वगळली तर चालेल का? सराव पुढच्या सोमवारपासून आहे.

सरासरी_मध्यक
मुलं अजिबात वगळू नका. टोकाचे गुण मिळालेली मुलं पुढच्या चाचणीत तशीही थोडी सरासरीकडे सरकतात, आणि कोणाला काढायचं हे तुम्ही निकाल बघून ठरवताय. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिला प्रश्न तिथेच येईल.

नुसत्या उत्तरचाचणीवर टी-टेस्ट लावली तर काय होतं ते तुमच्याच आकड्यांवर बघा. समजा ८ आठवड्यांनी अ १७ वर आला आणि ब १८.५ वर. टी-टेस्ट म्हणणार, ब वर्ग १.५ सेंमीने पुढे, म्हणजे सराव न केलेलेच बरे! इथे अँकोव्हा लागतं, म्हणजे सहप्रसरण विश्लेषण. पूर्वचाचणी सहचल (सोबत हिशोबात धरायचा आकडा) म्हणून धरायची आणि उत्तरचाचणीची सरासरी त्यानुसार समायोजित करायची. दोन्ही गटांची मिळून पूर्वचाचणीची सरासरी १६. उतार, म्हणजे पूर्वचाचणीत १ सेंमी जास्त असेल तर उत्तरचाचणीत किती जास्त येतं तो आकडा, ०.९ निघाला असं धरा. अ: १७ − ०.९ × (१४ − १६) = १८.८. ब: १८.५ − ०.९ × (१८ − १६) = १६.७. फरक २.१ सेंमी, अ च्या बाजूने.

एक्सेलच्या डेटा ॲनालिसिसमध्ये अँकोव्हा नाही. जामोवी हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते घ्या. उत्तरचाचणी आश्रयी चल (ज्यावरचा परिणाम बघायचा तो), गट हा घटक, पूर्वचाचणी सहचल. त्याआधी एकदा मॉडेलमध्ये गट गुणिले पूर्वचाचणी ही आंतरक्रिया टाकून पाहा. ती सार्थ (नुसत्या योगायोगाने येणार नाही इतकी मोठी) निघाली तर दोन्ही गटांचे उतार वेगळे आहेत, मग वरचं समायोजन लागू होत नाही. सार्थ नसेल तर ती काढून अंतिम विश्लेषण करा.

नमुन्याची चिंता असेल तर: मध्यम परिणाम (०.५ प्रमाण विचलनाचा फरक) पकडायला साध्या टी-टेस्टला ०.०५ स्तरावर, ८० टक्के शक्तीसाठी (खरा फरक सापडण्याची शक्यता ८० टक्के), प्रत्येक गटात ६४ मुलं लागतात. पूर्व आणि उत्तर चाचणीचा सहसंबंध ०.८ असेल तर अँकोव्हात साधारण २३ पुरतात. म्हणजे तुमचे ४० भरपूर आहेत.

आणि प्रबंधात ‘यादृच्छिक निवड’ लिहू नका. अख्खे वर्ग घेतलेत, मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटली नाहीत, तर आराखडा अर्ध-प्रायोगिक. तसंच लिहा.

शिट्टी_बंद
संख्याशास्त्र वर आलंच आहे. मला काळजी मोजमापाची वाटते. ५० मीटरला सुरुवात शिट्टीवर केली होती का? आवाजाला ५० मीटर जायला जवळपास ०.१५ सेकंद लागतात. शेवटच्या रेषेवरच्या माणसाने आवाज ऐकून घड्याळ दाबलं तर वेळ तेवढा कमी दिसतो. ८ आठवड्यांत सुधारणाच ०.२ सेकंदांची मिळणार असेल तर हा घोळ परवडत नाही. पूर्वचाचणी शिट्टीवर आणि उत्तरचाचणी झेंड्यावर झाली, की मुलं ‘हळू’ झाली! झेंडा खाली येताना बघून घड्याळ दाबायचं, दोन्ही वेळा, दोन्ही वर्गांना. घड्याळं दोन ठेवा, वेगळी आली तर जास्त वेळ ग्राह्य.

सिट अँड रीचला बूट काढून, गुडघे सरळ, झटका न देता, २ सेकंद थांबून. तळव्यांच्या रेषेवर पेटीचा आकडा २३ आहे की २६, हे प्रबंधात लिहाच. नाहीतर तुमच्या १४ सेंमीची इतर अभ्यासांशी तुलनाच होत नाही.

विश्वसनीयतेसाठी १५-२० मुलांवर तीच चाचणी ३-४ दिवसांनी, त्याच वेळेला, तोच वॉर्म-अप देऊन. नुसता पिअर्सनचा सहसंबंध काढू नका. दुसऱ्या वेळी सगळे सरसकट २ सेंमी पुढे गेले तरी तो १ च येतो. आयसीसी (आंतरवर्ग सहसंबंध गुणांक) काढा, तोही निरपेक्ष जुळणीचा.

चुन्याची_रेघ
शिट्टीवरच होती 😬 सोमवारच्या आत ५० मीटर परत घेतो, दोन्ही वर्गांची. सरावाचं प्रमाण किती ठेवू? ३५ मिनिटांच्या तासिका, आठवड्याला चार.

दंड_बैठक
पहिले दोन आठवडे ६ नमस्कारांचे २ संच, मध्ये एक मिनिट विश्रांती. दर दोन आठवड्यांनी एक संच वाढवा, सातव्या-आठव्या आठवड्यात ५ संच म्हणजे ३० नमस्कार. एकाला साधारण २० सेकंद धरले तर १० मिनिटं, तासिकेत आरामात बसतं. १० स्थितींचा घेताय की १२, ते ठरवून लिहा. साष्टांग नमस्कारातून वर येताना कंबर खाली पडते आणि मनगट दुखतं. पहिला आठवडा फक्त हेच दुरुस्त करण्यात घालवा, वेग नंतर.

दोन गोष्टी आधीच मान्य करा. एक, हस्तपादासन म्हणजे जवळजवळ उभ्याने केलेली सिट अँड रीच. त्यामुळे तिथली वाढ थोडी चाचणीच्याच सरावाची असणार, हे मर्यादेत लिहा. दोन, संथ नमस्कारांनी ६०० मीटरचा वेळ फारसा हलणार नाही. दमदारपणा दाखवायचा असेल तर संच संपताक्षणी १० सेकंद नाडी मोजून ६ ने गुणा. २५ ठोके, म्हणजे १५० च्या आसपास गेली नाही, तर ६०० मीटर चाचण्यांतून काढलेलं बरं.

एकूण तासिका ३२. ८० टक्के उपस्थितीची अट ठेवत असाल तर किमान २६, आणि हा आकडा आत्ताच लिहून ठेवा, नंतर नको. ब वर्गाच्या नेहमीच्या पी.टी.च्या तासिका बंद करू नका, पण त्यांत काय घेतलं जातं याची रोज नोंद ठेवा. मध्ये स्नेहसंमेलन येत असेल तर दोन आठवडे दोन्ही वर्ग नाचाच्या तालमीत असतात, तेवढं कॅलेंडर बघून घ्या. पालकांची लेखी संमती आणि दमा, फिट, हृदयविकार यांची विचारणा सोमवारआधी पूर्ण हवी.