परदेशी इंग्रजी शिकवायला जायचंय: आधी सेल्टा करू की थेट अर्ज?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. पुणे विद्यापीठातून इंग्रजीत बी.ए. झालंय, एम.ए.चं शेवटचं सत्र चालू आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीपासून इंग्रजी. बी.एड. नाही. वर्षभरात जपान, व्हिएतनाम किंवा थायलंडला इंग्रजी शिकवायला जायचं ठरवलंय. एकीकडे ‘120 तासांचा टेफल’ (इंग्रजी परदेशी भाषा म्हणून शिकवण्याचा कोर्स) तीन हजारांत ऑनलाइन मिळतोय, दुसरीकडे सेल्टाची, म्हणजे केंब्रिजच्या इंग्रजी-अध्यापन प्रमाणपत्राची, फी लाखाच्या पुढे. हाताशी दीड लाख आहेत आणि तिकीट, पहिल्या महिन्याचं भाडं त्यातूनच काढायचंय. सर्टिफिकेट आधी करावं की नोकरी लागल्यावर? आणि करायचंच तर कोणतं?

खडूफळा
कोर्सचं नंतर बघू. आधी देश ठरवा, कारण तुमच्या पासपोर्टला तिथे काय लागतं यावरच बाकी सगळं अवलंबून आहे.

जपान यादीतून काढा. तिथल्या शाळांत इंग्रजी शिकवण्याच्या व्हिसासाठी ज्या भाषेत शिकवणार त्या भाषेच्या माध्यमातून किमान 12 वर्षं शिक्षण झालेलं लागतं. तुमची अकरावी-बारावी, बी.ए., एम.ए. मिळून सातच वर्षं होतात. सेल्टा केल्याने ही उणीव भरून निघत नाही. (इतर वाचकांसाठी: सेमी-इंग्रजी हे इंग्रजी माध्यम म्हणून दाखवू नका, कागद तपासले की अर्ज अडकतो.)

व्हिएतनाममध्ये मात्र सर्टिफिकेटचा थेट उपयोग आहे. तिथल्या भाषाकेंद्रांच्या नियमांत मातृभाषा इंग्रजी नसलेल्या परदेशी शिक्षकाकडून तीन गोष्टी मागितल्या आहेत: पदवी किंवा पदविका, सी-वन पातळीच्या (युरोपीय मापदंडातल्या प्रगत) इंग्रजीचा पुरावा, आणि भाषा शिकवण्याचं प्रमाणपत्र. तिसऱ्यावाचून कामाचा परवाना अडतो, त्यामुळे ‘नोकरी लागल्यावर करू’ हा पर्याय तिथे नाही.

थायलंडच्या शाळांमध्ये पदवीला महत्त्व जास्त. शिक्षकाचा परवाना नसेल तर शाळा खुरुसपाकडे, म्हणजे तिथल्या शिक्षक परिषदेकडे, तात्पुरत्या परवानगीचा अर्ज करते आणि त्यासाठी पदवी लागतेच. भारतीय पासपोर्टवर बहुतेक ठिकाणी टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे गुणही मागतात, 600 हा नेहमीचा उंबरठा. टेफल असेल तर निवडीत मदत होते, पण कागदोपत्री अडतं ते पदवी आणि टोइकपाशी.

कोरिया आणि चीनबद्दल नेहमी विचारलं जातं म्हणून लिहून ठेवतो. कोरियाचा ई-टू, म्हणजे भाषाशिक्षकांचा, व्हिसा सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारत-कोरिया व्यापार करार 2010 पासून लागू झाल्यावर भारतीयांना सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून वेगळी वाट मिळाली, पण तिला शिक्षक-पात्रता लागते, म्हणजे आपल्याकडे बी.एड. धरा. चीनमध्ये परदेशी भाषाशिक्षकाने तत्त्वतः आपल्या देशाची मातृभाषा शिकवावी असा नियम आहे. तो न वाचता टेफलवर पैसे घालू नका.

सह्याद्रीवारा
आखाती देशांतल्या सीबीएसई शाळा डोळ्यांसमोर असतील तर हिशेब आणखी वेगळा. तिथे बी.एड. विचारतात, सेल्टा त्याच्या जागी चालत नाही. दोन वर्षं देता येत असतील तर आधी बी.एड.च करा.

पाटीपेन्सिल
आता कोर्सबद्दल. ‘120 तास’ हा आकडा केंब्रिजच्या सेल्टामुळे रूढ झाला. तिथे ते 120 तास प्रशिक्षक आणि सहाध्यायींबरोबरचे असतात आणि त्यातले सहा तास तुम्ही खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवता: 40 मिनिटांच्या नऊ किंवा 45 च्या आठ तासिका, किमान दोन पातळ्यांच्या वर्गांना. प्रशिक्षक मागे बसून प्रत्येक तासिका तपासतो. शिवाय अनुभवी शिक्षकांचे सहा तास वर्ग पाहायचे आणि 750 ते 1000 शब्दांची चार टिपणं लिहायची. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा सर्टटीसॉल हा इंग्रजी-अध्यापनाचा कोर्स याच तोलाचा: 130 तास, सहा तास प्रत्यक्ष शिकवणं, आणि चार तास तुम्हाला अजिबात न येणारी भाषा शिकायची. विद्यार्थ्याच्या बाकावर बसलं की काय वाटतं ते त्या चार तासांत कळतं. हे दोन्ही कोर्स ब्रिटनच्या अधिकृत चौकटीत पाचव्या पातळीवर आहेत.

तीन हजारांच्या कोर्समध्ये व्हिडिओ पाहून बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात. तुम्ही शिकवताना कुणी पाहतच नाही, मग चूक दाखवणार कोण? आणि ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ देणारी संस्था पुष्कळदा कोर्स विकणाऱ्यांच्याच घरची असते. टेफलला जगभर एकच मान्यता देणारी संस्था नाही. म्हणून कोर्सवाल्याला एवढं विचारा: ही पात्रता ब्रिटनच्या ऑफक्वॉलच्या (पात्रतांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नोंदवहीत आहे का, असल्यास तिचा क्रमांक काय? क्रमांक देतील तर तो स्वतः शोधून पाहा. देणार नसतील तर तो कोर्स सोडा.

मधला पर्याय म्हणून टीकेटी लोक सुचवतात. केंब्रिजचीच परीक्षा आहे, 80 मिनिटांत 80 प्रश्न अशी एकेक भागाची, नापास हा प्रकार नाही, एक ते चार बँड मिळतात. अभ्यास उत्तम होतो. हैदराबादच्या ईफ्लूचे (इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठाचे) किंवा इग्नूचे इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक्रमही भाषाविज्ञानाच्या बाजूने चांगले आहेत. पण टीकेटीत वर्गावर शिकवणं नाही, आणि ईफ्लू-इग्नूचं नाव हनोईतल्या भाषाकेंद्राच्या मॅनेजरला ओळखीचं नसतं.

माझं मत स्पष्ट आहे. व्हिएतनामला जायचं असेल तर सेल्टा किंवा सर्टटीसॉल करा. ‘फक्त मातृभाषिक हवेत’ असं छापणाऱ्या जाहिराती अजून निघतात. हा अन्याय आहे आणि तो आपल्या शिक्षकांना पगारातही भोगावा लागतो. अशा वेळी ज्याच्या दर्जाबद्दल समोरच्याला शंका घेता येत नाही असा कागद ब्रिटिश पासपोर्टवाल्यापेक्षा आपल्याला जास्त लागतो.

गोदाकाठ
जपानचं माहीतच नव्हतं, वेळेवर सांगितलंत. मग व्हिएतनाम पक्कं करते. सेल्टा पूर्ण ऑनलाइन केला तर चालतो का? आणि त्यात माणसं अडकतात कुठे?

पाटीपेन्सिल
चालतो. 2020 पासून पूर्ण ऑनलाइन सेल्टा आहे आणि प्रमाणपत्र तेच मिळतं. प्रवास-मुक्कामाचे पैसे वाचतात. पण सहाही तास पडद्यावरच जातात. फळ्याची मांडणी, वर्गात फिरणं, पंधरा मुलांच्या जोड्या लावणं याचा सराव होत नाही. जाण्याआधी एखाद्या क्लासमध्ये महिनाभर प्रत्यक्ष वर्ग घ्या.

आपल्याकडची माणसं इंग्रजी कच्चं म्हणून क्वचितच अडकतात. अडकतात ती आपण ज्या पद्धतीने शिकलो तसंच शिकवायला गेल्यामुळे. फळ्यावर नियम, वीस मिनिटं स्पष्टीकरण, शेवटी ‘समजलं का?’ सगळे माना डोलावतात आणि तासिका ‘अपुरी’ ठरते, कारण विद्यार्थी बोललेच नाहीत. व्हिएतनामी वर्गाला तुमचं मराठी कळत नाही, तुम्हाला त्यांचं. भाषांतर करून सुटका नाही. तिथे अर्थ तपासणारे छोटे प्रश्न लागतात. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन सातारा’ हे वाक्य शिकवलं, तर: तो आत्ता साताऱ्यात राहतो का? पूर्वी राहायचा का? एक दिवस की बराच काळ? ही तीन उत्तरं बरोबर आली तर समजलं. प्रत्येक धड्यासाठी असे प्रश्न आधी लिहून काढा, ऐनवेळी सुचत नाहीत.

वेळापत्रकही कठीण असतं. पूर्णवेळ कोर्स चार-पाच आठवड्यांचा, हजेरी पूर्ण अपेक्षित, आणि टिपण परत आलं तर एकदाच दुरुस्त करून देता येतं. एम.ए.ची परीक्षा आणि सेल्टा एकाच महिन्यात घेऊ नका. प्रवेशाच्या मुलाखतीआधी एक प्रश्नपत्रिका घरी सोडवायला देतात, तिच्यात काळ आणि उच्चारचिन्हं येतात. इंग्रजीच्या 44 ध्वनींचा तक्ता तेव्हाच पाठ करून टाका.

अनुनासिक
उच्चारांवर थोडं. मराठी बोलणाऱ्यांचा ‘व’ इंग्रजीतल्या दोन वेगळ्या ध्वनींचं काम करतो, त्यामुळे ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ सारखेच ऐकू येतात. शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क मागे आपण हवेचा झोत सोडत नाही, म्हणून ‘पिन’चं ऐकणाऱ्याला ‘बिन’ वाटतं. ओठांसमोर कागदाचा कपटा धरा. ‘पिन’ म्हणताना तो हलला पाहिजे. सर्वांत महत्त्वाचा आघात. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. आपण सगळ्या अक्षरांना सारखं वजन देतो.

आणि समोरच्या वर्गाचीही तयारी करा. व्हिएतनामी विद्यार्थी शब्दाच्या शेवटची व्यंजनं गाळतात, त्यामुळे अनेकवचनाचा ‘स’ आणि भूतकाळाचा ‘ड’ ऐकूच येत नाही. व्याकरण येत असतं, उच्चार राहतो. त्यांना काळाचा नियम पुन्हा समजावण्यात तास घालवू नका.

खडूफळा
कागदपत्रांना कोर्सपेक्षा जास्त वेळ जातो, म्हणून आजच सुरुवात करा. गुणपत्रिका पुरत नाहीत, पदवीदान समारंभाचा अर्ज भरून पदवी प्रमाणपत्र हातात घ्या. मग विद्यापीठाची पडताळणी, राज्य शासनाचं प्रमाणीकरण, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. पुढचा देश अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा आंतरराष्ट्रीय करारानुसारचा शिक्का) मानत असेल तर तेवढ्यावर काम भागतं (सरकारी शुल्क कागदामागे 50 रुपये, वरचा खर्च एजन्सीचा), नसेल तर त्या देशाच्या वकिलातीचं प्रमाणीकरण. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेतून, शुल्क 500 रुपये. त्यावर देशाचं नाव येतं, तेव्हा व्हिएतनामसाठी काढलेला थायलंडला चालेल असं धरू नका. जुना दाखला स्वीकारत नाहीत, तो सगळ्यांत शेवटी काढा.

नावाकडे नीट बघा. आपल्या विद्यापीठाच्या कागदांवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. सेल्टाच्या नोंदणीत नाव अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणे द्या.

एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते: प्रमाणपत्र ज्या देशातून निघालं, त्याचं प्रमाणीकरण त्याच देशात होतं. केंब्रिजचा कागद ब्रिटनमधून निघतो, म्हणजे तिथलं नोटरी, तिथलं परराष्ट्र खातं, आणि गरज पडल्यास तिथली व्हिएतनामी वकिलात. फी भरण्याआधी केंद्राला याची सोय आणि खर्च विचारा.

सह्याद्रीवारा
‘आधी टुरिस्ट व्हिसावर या, परवाना मागाहून काढू’ असं कुणी म्हणालं तर नकार द्या. पकडलं गेलं तर दंड आणि हद्दपारी शिक्षकाला भोगावी लागते. मध्ये एजंट असेल तर ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळाच्या यादीत त्याची नोंदणी पाहा. नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मग असं ठरवते: या महिन्यात सी-वनच्या पुराव्यासाठी आयेल्ट्स, एप्रिलमध्ये एम.ए.ची परीक्षा, मे-जूनमध्ये ऑनलाइन सेल्टा, सोबत पदवीचे शिक्के. तीन हजारांचा कोर्स रद्द.

अनुनासिक
आयेल्ट्स या महिन्यात नको. निकाल दोनच वर्षं धरतात. सेल्टाच्या आधी दिलात तर पहिला करार संपून दुसरा शोधायच्या वेळी तो बाद होतो. सेल्टा संपल्यावर द्या. बँड सात म्हणजे सी-वनची सुरुवात, तेव्हा साडेसातच्या तयारीने बसा. किंवा केंब्रिजची सी-वन ॲडव्हान्स्ड परीक्षा द्या, तिच्या प्रमाणपत्रावर मुदतीची तारीख नसते.